भिंत चढण्याआधी उतरायला शिका



गेल्या काही वर्षांत माझ्याकडे पालकांची एक नवीनच तक्रार येऊ लागली आहे. पूर्वी पालक म्हणायचे, मुलगा अभ्यास सोडून क्रिकेट खेळतो. आता म्हणतात, मुलगा भिंतीवर चढतो. शेजाऱ्यांच्या कंपाउंडवर, शाळेच्या कठड्यावर, बगिच्यातल्या ओट्यावर, जिथे जागा मिळेल तिथे. मोबाइलवर परदेशी मुलांच्या उड्या बघायच्या आणि संध्याकाळी मित्रांना घेऊन तेच करायला निघायचं. "मॅडम, तुम्ही मल्लखांब शिकवता, तुमचं ऐकेल तो. हे खूळ बंद करायला सांगा ना त्याला!"

मी बंद करायला सांगत नाही. मी त्या मुलाला विचारते, "चढतोस ते ठीक, उतरतोस कसा?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "उडी मारतो." मग मी म्हणते, "उद्या सकाळी सहाला मैदानावर ये." आजच्या भाषणात मला त्या सकाळच्या तासाविषयीच बोलायचं आहे. भिंत चढण्याचं शास्त्र काय आहे, त्याचा सराव कसा करायचा आणि आपल्या नागपुरात तो करताना काय सांभाळायचं, एवढाच विषय.

या खेळाचं नाव पार्कूर. वाटेत येणारे अडथळे, म्हणजे भिंत, कठडा, पायऱ्या, खड्डा, कोणत्याही साधनाशिवाय केवळ शरीराच्या बळावर आणि कमीत कमी वेळात पार करण्याची ही कला. नाव फ्रेंच आहे आणि त्यामागचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. जॉर्ज एबेर नावाचा एक फ्रेंच नौदल अधिकारी होता. १९०२ साली वेस्ट इंडीजमधल्या मार्टिनिक बेटावर ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि सेंट पिएर हे शहर काही मिनिटांत बेचिराख झालं. सुमारे अठ्ठावीस हजार माणसं गेली. एबेर तिथल्या बचावकार्यात होता. शरीर बळकट असावं, ते कुणाच्या तरी उपयोगी पडावं म्हणून, हा विचार त्याने पुढे आयुष्यभर मांडला. धावणं, उडी मारणं, चढणं, तोल सांभाळणं, ओझं उचलणं अशा स्वाभाविक हालचालींवर त्याने व्यायामाची एक पद्धत बसवली. लष्करात जवानांना जे अडथळ्यांचे मार्ग पार करावे लागतात, त्यांच्या घडणीत त्याच्या विचारांचा मोठा वाटा आहे. 'पार्कूर' हे नावही फ्रेंच भाषेतल्या अशाच मार्गाच्या नावावरून आलेलं आहे.

पॅरिसच्या अग्निशमन दलात रेमों बेल नावाचा एक जवान होता. तो या पद्धतीत तयार झालेला. त्याचा मुलगा दाविद याने ती विद्या वडिलांकडून उचलली आणि पॅरिसजवळच्या लिस या गावात आपल्या सोबत्यांसह वाढवली. १९९७ साली या मुलांच्या गटाने 'यामाकासी' हे नाव घेतलं. पुढे चित्रपट आले. २००६ सालच्या 'कसिनो रोयाल' या जेम्स बाँडपटात सेबास्टियन फुकां या त्याच सोबत्यांपैकी एकाची क्रेनवरची धावपळ जगाने बघितली. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने पार्कूरला आपल्या खेळांत सामावून घेतलं आणि २०२२ साली टोकियोत त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली.

हे सगळं सांगण्याचं कारण, या खेळाचं मूळ अग्निशमन आणि बचाव यांत आहे. आपल्या नागपुरात १९५७ पासून राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. देशभरातले अग्निशमन अधिकारी इथे शिकून जातात. भिंतीपलीकडे पोहोचायचं ते कशासाठी, हे या गावाला परक्याकडून शिकायला नको.

आणि शरीर वर नेण्याची विद्या तर आपल्या घरचीच आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं जीवन दिलं. इथून जवळच अमरावतीला १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्या मंडळाच्या पथकाने जगासमोर आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. मल्लखांबावर पहिल्या दिवशी जे शिकवतात तेच भिंतीवरही लागू पडतं. शरीर खांबापासून लांब गेलं की सगळा भार हातांवर येतो, आणि हात थकतात. खांबावर मांडीची अढी हातांचा भार वाटून घेते. भिंतीला अढी घालता येत नाही. तिथे ते काम तळपाय करतात. एवढा फरक समजला की मल्लखांबाची पोरं भिंतीवर पटकन तयार होतात.

आता प्रत्यक्ष भिंतीकडे येऊ. पाच फूट पाच इंच उंचीचा मुलगा हात वर करून उभा राहिला, तर त्याची बोटं साधारण सात फुटांपर्यंत पोहोचतात. जागेवरून उडी मारली तर आणखी फूट-सव्वा फूट. म्हणजे आठ फुटांची भिंत तो उडी मारून धरू शकतो, पण नऊ फुटांची नाही. मधली ही दरी भिंतीवर टेकवलेला एक पाय भरून काढतो. मुलं याला 'वॉल रन' म्हणतात.

मुलांना वाटतं, जितकं जोरात धावू तितकं वर जाऊ. तसं नसतं. पाच-सात पावलांची धाव पुरे. शेवटच्या दोन पावलांत कचरायचं नाही आणि उडी घ्यायची ती भिंतीपासून हातभर किंवा थोडं जास्त अंतर ठेवून. पाय भिंतीवर पडावा तो साधारण कमरेच्या उंचीवर, आणि टाच नव्हे तर चवडा. पाय फार वर पडला तर गुडघा इतका दुमडलेला असतो की जोर लावायला जागाच राहत नाही. फार खाली पडला तर घसरतो.

"मॅडम, पाय काहून घसरून राहिला?" हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकायला मिळतो. उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. पाय भिंतीवर टिकतो तो घर्षणामुळे. भिंत जितकी आत दाबाल तितकं घर्षण जास्त. पण जितकी आत दाबाल तितकीच भिंत तुम्हाला मागे लोटते. धावेचा वेग उपयोगी पडतो तो इथे. भिंतीच्या या लोटण्यात तो वेग खर्च होतो आणि तेवढ्या क्षणभरात पाय खाली रेटून शरीर वर घ्यायचं असतं. नुसतं आत दाबलं तर मागे फेकले जाल, नुसतं खाली रेटलं तर घसराल. दोन्ही एकाच वेळी साधणं हाच सराव. म्हणूनच नवशिक्याने भिंतीवर दुसरं पाऊल टाकण्याच्या भानगडीत पडू नये. दुसरं पाऊल पडेपर्यंत वेग संपलेला असतो. नजर भिंतीच्या वरच्या कडेवर ठेवावी. पायाकडे बघितलं की मान खाली जाते आणि खांदे पुढे येतात.

पुढची पायरी म्हणजे पकड. एक हात आधी, दुसरा लगोलग, दोन्हींत खांद्याएवढं अंतर. आता मुलगा लोंबकळतो आहे. इथे दहातले आठ जण हात वाकवून, छाती भिंतीला चिकटवून धडपडतात आणि दहा सेकंदांत दमतात. हात सरळ ठेवायचे. गुडघे दुमडून दोन्ही तळपाय भिंतीवर टेकवायचे, एक किंचित वर, एक खाली. कंबर जराशी मागे, म्हणजे बूट भिंतीला दाबून बसतात. मांजर पडद्याला लटकतं तशी ही बैठक. या स्थितीत मुलाला श्वास घेता आला, बोलता आलं, तर ती जमली असं समजावं. मी मुद्दाम पाढे म्हणायला लावते. सतराचा पाढा लटकून पूर्ण झाला, तर पुढे जायचं.

शेवटचा भाग सगळ्यांत अवघड. लटकलेल्या अवस्थेतून भिंतीवर येणं. पायांनी भिंत रेटायची, त्याच वेळी हातांनी ओढायचं, छाती कडेच्या वर आली की पंजे सपाट करून दंड काढताना करतो तसं शरीर वर उचलायचं. ओढणं संपून दाबणं जिथे सुरू होतं, तो क्षण निसटला की मुलं एक कोपर आधी वर टाकतात आणि मग दुसरं. दिसायला सोपं वाटतं, पण सगळा भार एका खांद्यावर येतो आणि रोज असं केलं तर खांदा धरतो. दुसरी सवय गुडघा टेकवून वर येण्याची. सिमेंटच्या कडेवर गुडघ्याची वाटी टेकवणं शहाणपणाचं नाही. दोन्ही कोपरं एकदम, आणि वर गेल्यावर पाऊल, हा क्रम.

याचा सराव आठ फुटी भिंतीवर सुरू करायचा नसतो. आधी छातीएवढी, चार फुटांची भिंत घ्यावी. तिच्यावर पंजे टेकून, थोडी उडी घेऊन हात सरळ करायचे आणि सावकाश खाली यायचं. दहा वेळा. मग डोक्याएवढी भिंत. तिथे खालून वर येणं जमत नसेल तर उलटं करावं. एखाद्या ओट्यावरून भिंतीवर जायचं आणि हात सरळ असलेल्या स्थितीतून हळूहळू, पाच आकडे मोजत, लटकण्याच्या स्थितीत उतरायचं. उतरताना स्नायू तोच रस्ता शिकतात आणि काही आठवड्यांत त्याच रस्त्याने वर येऊ लागतात. याला जोड म्हणून दंड, बैठका, आडव्या दांडीला अर्धा मिनिट लटकणं. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. स्नायू लवकर तयार होतात, पण हाडाला बांधून ठेवणाऱ्या कंडरांना वेळ लागतो. उतावळेपणाची किंमत त्या कंडरा मोजतात.

ताकद किती लागते, हा प्रश्न मुलींच्या आया हमखास विचारतात. माझ्या वर्गात दोरीचा मल्लखांब करणारी एक मुलगी आहे. अंगाने किरकोळ. तिच्याच वर्गातला एक मुलगा तिच्यापेक्षा दुप्पट दंड काढतो. दोघांनी एकाच दिवशी सात फुटांची भिंत घेतली. मुलगा नुसत्या हातांनी ओढत राहिला आणि अर्ध्यावर अडकला. मुलीने पाय नीट लावले, एक हिसका दिला आणि वर जाऊन बसली. मुलगा म्हणाला, "तिचं वजन कमी आहे ना." मुलगी वरून म्हणाली, "तुझे पाय काय करून राहिले होते?" वर्गात हशा झाला, पण त्या दिवसापासून त्या मुलाचे पाय काम करू लागले.

आता उतरण्याविषयी. रायगडच्या हिरकणीची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. सूर्यास्ताला गडाचे दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हं बाळ असलेली ही गवळण रात्री कड्यावरून खाली उतरून गेली. ती दंतकथा आहे असं मानलं, तरी ती रचणाऱ्याला एक गोष्ट पक्की माहीत होती. चढणाऱ्याला पुढची पकड दिसते, उतरणाऱ्याला पाय कुठे पडणार ते दिसत नाही.

जरा हिशेब करू. आठ फूट उंचीच्या भिंतीवरून सरळ खाली उडी टाकली, तर पाय जमिनीला लागताना वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास असतो. तोच मुलगा भिंतीला हातांनी लटकला, तर त्याचे पाय जमिनीपासून जेमतेम एक फूट वर असतात. तिथून हात सोडले तर वेग ताशी नऊ-दहा किलोमीटर. शरीराने सोसायचा मार जवळजवळ सात पटींनी कमी होतो. यासाठी ताकद लागत नाही, फक्त वळून लटकण्याची सवय लागते.

माझ्याकडे आलेल्या एका मुलाला ही सवय नव्हती. वय वर्षं चौदा. भिंतीवर तो सुरेख चढायचा, चित्रफितीत बघून शिकला होता. उतरताना त्याने उडी टाकली, गुडघे ताठ ठेवले, तोल गेला आणि सावरायला मागे हात टेकला. मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर निघाल्यावर तो आईबरोबर माझ्याकडे आला. आईला वाटत होतं, मी त्याला रागवावं. त्याने विचारलं, "मी पडलो कसा, ते सांगा ना मॅडम." हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला मैदानाबाहेर ठेवणं मला पटत नाही. घरी बसवला तर तो चोरून जाईल आणि पुन्हा तसाच उतरेल.

त्याला मी पहिले दोन महिने भिंतीवर चढू दिलं नाही. एका फुटाच्या ओट्यावरून उडी, मग दोन फुटांच्या. चवडे आधी टेकायचे, गुडघे वाकवायचे, पण काटकोनाच्या पलीकडे नाही, हात पुढे. परीक्षा एकच, आवाज. धप्प असा आवाज आला तर पुन्हा. जमीन शांत राहिली तर पुढचा ओटा. त्यानंतर आखाड्याच्या मऊ मातीत कोलांटी. ती सरळ डोक्यावरून घ्यायची नाही. एका खांद्यावरून तिरकी, विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत, म्हणजे मान आणि मणका वाचतो. मागे पडताना हात टेकायचा नाही, हे त्याच्या अंगात मुरायलाच महिना गेला.

बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचा मऊ भाग असतो. तिथूनच हाड वाढतं. उंचावरून वारंवार उड्या टाकल्या तर टाच आणि गुडघ्याखालचा भाग दुखू लागतो. मुलगा 'टाच दुखते' म्हणाला तर त्याला कामचुकार ठरवू नका. विश्रांती द्या. दुखणं टिकलं तर डॉक्टरांना दाखवा.

आता आपल्या गावाविषयी थोडं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा भिंत दिवसभर तापते आणि सूर्य मावळल्यावरही तव्यासारखी गरम असते. उन्हाळ्यात सराव करायचा तर पहाटेच. पावसाळ्यात भिंतीवर शेवाळ धरतं आणि सगळं घर्षण संपतं. ते चार महिने दांडी, दोरी आणि दंड-बैठका यांचे. भिंतीचे खरे दिवस दिवाळीपासून होळीपर्यंत.

भिंत निवडताना आधी तिच्याभोवती फिरून यावं. वर काचा लावल्या आहेत का, विजेची तार गेली आहे का, कडेच्या विटा हलतात का, हे हाताने आणि डोळ्याने बघावं. साडेचार इंची विटेची, मध्ये खांब नसलेली लांब भिंत दिसली तर तिला हात लावू नये. ती माणसाचा भार आडवा घेण्यासाठी बांधलेली नसते. पोपडे सुटलेलं प्लास्टर पायाखालून निघून येतं. खाली मुरूम असेल तर खडे वेचावेत, फरशी असेल तर दुसरी जागा शोधावी. आणि भिंत कुणाची आहे, हे विचारावं. परवानगी मागितली तर नकार मिळेल, पण चोर समजून कुणी मागे लागणार नाही.

काही भिंती परवानगीच्याही पलीकडच्या आहेत. महालातलं गांधी गेट, म्हणजे जुना जुम्मा दरवाजा, किंवा १८१७ ची लढाई पाहिलेल्या सीताबर्डीच्या टेकडीवरचा किल्ला. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तेव्हा तिथे तसाही प्रश्न येत नाही. पण जुन्या दगडी बांधकामावर बुटाचे घाव घालणं हा पराक्रम नव्हे, हे मुलांना सांगावं लागतं. सांगितलं की कळतं.

मग सराव करायचा कुठे? माझं म्हणणं साधं आहे. बगिच्यांत आपण व्यायामाची लोखंडी यंत्रं बसवली, ती चांगली गोष्ट झाली. त्यांच्या शेजारी तीन भिंती हव्यात. चार फुटांची, सहा फुटांची आणि आठ फुटांची. नऊ इंची विटेच्या, वरची कड गोल घोटलेली, दोन्ही बाजूंना चाळलेली मऊ माती. यात परदेशातून आणण्यासारखं काही नाही. गवंडी आपला, वीट आपली, माती आखाड्यासारखी. ज्या शाळेच्या पटांगणात मल्लखांब पुरलेला आहे, तिथे तर निम्मं काम आधीच झालेलं आहे. मोकळ्या वेळेत मुलं तिथे येतील, मोठी मुलं लहानांना शिकवतील, आणि शिक्षकाला ती डोळ्यांसमोर दिसतील.

तोपर्यंत पालकांना माझी एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी भिंतीवर चढते हे कळलं, तर ओरडण्याआधी एकदा तिच्यासोबत जा. भिंत हलवून बघा, खालची जमीन बघा. मग तिला सांगा, वर जाण्याआधी उतरून दाखव. वळून, हातांनी लटकून, गुडघे वाकवून, आवाज न करता. ते नीट जमत असेल तर तुमची अर्धी काळजी मिटली. जमत नसेल, तर ती भिंत अजून तिच्यासाठी उंच आहे, हे तिलाही आपोआप कळेल.